खालून मारलेल्या रेघा

ताकेफु, १४ नोव्हेंबर

मासाफुमी,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला थंडीवर चार ओळी लिहायची पद्धत आहे. थंडी पडलीय. झालं. भट्टी रोज पेटते, घण अजून उचलतो. गावातल्या म्हाताऱ्या अजून माझ्याकडेच सुऱ्या धारेला आणतात आणि तासभर डोकं खातात. माझी काळजी नको.

तुझ्या आईला आता चावत नाही, सगळं वाटून पातळ करून द्या म्हणून नर्सबाई बजावून गेली. तिने ती खळ बघितली आणि तोंड फिरवलं. म्हणाली, "मी काय चिमणीचं पिल्लू आहे? मुळा द्या." तिने घातलेलं मुळ्याचं लोणचं, गेल्या हिवाळ्यातलं. पिंपात तळाला थोडं उरलंय. यंदा घातलं नाही.

मग मीच बसलो कापायला. चकती वरून अख्खी दिसली पाहिजे, नाहीतर ती शिवत नाही. म्हणून खालून बारीक बारीक रेघा मारायच्या, आरपार जाऊ द्यायच्या नाहीत, म्हणजे चावायला सोपं. तुझ्या आजीला ती असंच करून द्यायची. माझ्या सुऱ्या मासे कापायच्या, जाड. रेघ मारायला गेलो की तुकडाच पडतो. शेवटी तू सान्जोच्या भट्टीत कामाला गेल्यावर घडवून पाठवलेली ती बोटभर सुरी पेटीतून काढली. मी तिला खेळणं म्हणालो होतो. खेळणंच आहे. पण मुळ्याला चालते.

पहिल्या दिवशी तिने चकती तोंडात बराच वेळ धरली.

"खालून रेघा मारल्यात ना?"

"कसल्या रेघा? खा गुपचूप."

"जिभेला कळतं हो. आणि ही तुमची सुरी नाही. तुमची असती तर खरबरीत लागलं असतं."

जन्मभर संसार करून हे ऐकायचं!

"मासाफुमीची आहे," म्हणालो.

अख्खी चकती खाल्ली. वर आणखी एक मागितली.

हे गेल्या महिन्यातलं. आता अर्धीही जात नाही. काल नुसती चोखली आणि माझ्या हातात परत दिली. डॉक्टर बरंच काही बोलतो. अर्धं मला समजत नाही, आणि समजतं ते लिहायचं नाही.

पडल्या पडल्या ती भट्टीकडे कान लावून असते. मी आत आलो की विचारते, "एकच घण वाजतोय. दुसरा कुठे गेला?" तू सान्जोला गेलास हे ती विसरते. मी म्हणतो, पाणी प्यायला गेलाय. रोज तेच सांगतो. किती पाणी पिशील?

असो. कामाचं लिहायला बसलो होतो. तुझ्या सुरीची धार गेलीय. इतक्या पातळ पात्याला धार लावणं मला जमत नाही. पोस्टाने पाठवणार नाही, रोज लागते. तुझा धारेचा दगड घेऊन इकडेच ये. पिंपातला मुळा संपायच्या आत ये.

तुझा घण जागेवरच आहे. दांडा नवा बसवलाय, उगाच.

बाप