हजेरीवहीत ‘जागा रिकामी’ लिहू देण्याबाबत

प्रति,
माननीय कार्यवाह,
छंदगट विभाग, सह्यमित्र मराठी सभा,
तोआ पायोह, सिंगापूर.

विषय : ‘धर्मसत्तेची सुवर्णनाणी’ हा छंदगट बंद न करण्याबाबत व हजेरीवहीतील दुसरी ओळ राखण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. छंद/१७/२०१६, दि. ३ ऑक्टोबर २०१६.

महोदया,

१. माझी पत्नी सुलेखा १२ एप्रिल रोजी वारली असताना मे ते सप्टेंबरच्या पाच बैठकांत तिच्या सह्या कशा, असा खुलासा आपण मागितला आहे. त्या सह्या मी केल्या. हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत मी एकतीस वर्षे हिशेब तपासले, पण दुसऱ्याची सही कधी केली नव्हती. सह्या हुबेहूब असल्याचे आपण म्हटले आहे, तेवढे मात्र मला मान्य नाही. सुलेखा सहीखाली दोन टिंबे देत असे. ती देण्याचे धाडस मला झाले नाही.

२. नियम ४ नुसार गटात किमान दोन सभासद लागतात. जर्मनीतल्या आर्चबिशपांनी सहाशे वर्षांपूर्वी पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांसाठी सिंगापुरात दुसरा मराठी माणूस मिळेना, म्हणून सुलेखाने नाव दिले. सुरुवातीला ती कोपऱ्यात विणकाम करी आणि ‘तुमच्या स्वामींचं आटपलं का?’ असे अधूनमधून विचारी. पुढे माझी नजर अधू झाली तेव्हा भिंग तिने हाती घेतले. बॉनच्या टांकसाळीतल्या नाण्यावर संत योहान उभा आहे. त्याने केस विंचरलेले नाहीत, हे तिने मला दाखवले. ते नाणे माझ्याकडे अकरा वर्षे होते आणि मला ते केस कधी दिसले नव्हते.

३. गटाचा प्रसार झाला नाही, हा आक्षेप अंशतः खरा आहे. सूचनाफलकावर ‘आर्चबिशप’ हा शब्द वाचून दोघांनी आमचे धर्मांतर झाले का, अशी चौकशी केली. श्री. निशिकांत एकदा आले, सोन्याचा भाव विचारला आणि चहाआधीच गेले.

४. या गटाऐवजी मी ज्येष्ठांच्या हास्यगटात सामील व्हावे, असे समितीने सुचवले आहे. मी एका सकाळी जाऊन आलो. सांगितल्याबरोबर हसणे मला जमले नाही. बाकीचे बावीस जण माझ्याकडे पाहून मनापासून हसले, तेव्हा माझ्या जाण्याचा त्यांना लाभ झाला असावा. मुलगी श्रिया क्लेमेंटीहून फोनवर ‘बाबा, ऑनलाइन ग्रुप जॉइन करा लाह’ असे इथल्या सिंगापुरी धाटणीत म्हणते. तोही केला. तिथली माणसे नाण्याचा दर्जा विचारतात, ‘अगं बाई, किती हलकं!’ असे कोणी म्हणत नाही. घरी तर मी नाण्यांची डबी उघडतच नाही. महोदया, घरी मी अगदी एकटा असतो. इथे निदान वहीत दोन ओळी असतात.

५. या संदर्भात एक पूर्वदाखला सादर करतो. आर्चबिशप वारला की नवा निवडून येईपर्यंत मोठ्या चर्चची पुरोहितसभा कारभार पाहत असे. अशा काळात पाडलेल्या काही नाण्यांवर गादी रिकामी असल्याचे लॅटिनमध्ये सरळ कोरलेले असते. माणूस गेला म्हणून टांकसाळीला कुलूप लावत नसत आणि गेलेल्याच्या नावाने खोटे नाणेही पाडत नसत. हे सगळे ठाऊक असून मी पाच खोट्या सह्या केल्या, याची मला लाज वाटते.

सबब विनंती अशी की, सुलेखाचे नाव आपण खोडावे, माझी हरकत नाही. दुसरी ओळ मात्र काढू नये. नवा कोणी सभासद येईपर्यंत तिथे ‘जागा रिकामी’ असे लिहिण्याची मला परवानगी द्यावी.

६. उद्या शनिवारी दुपारी चार वाजता खोली क्र. २ मध्ये मी नेहमीप्रमाणे दोन खुर्च्या मांडणार आहे. आपण पाहणीसाठी यावे. दुसऱ्या खुर्चीवर भिंग ठेवलेले असेल. ते उचलून बसावे.

एक चूक सोडता नियमाने वागलेला,
आपला नम्र,

(सही)
चंद्रशेखर धारप
सभासद क्र. २०८
तोआ पायोह, दि. ७ ऑक्टोबर २०१६

सोबत :
१) मी केलेल्या पाच सह्यांच्या प्रती.
२) सुलेखाची खरी सही, टिंबांसह, तुलनेसाठी. माझ्याकडे एवढी एकच मूळ कागदावर उरली आहे, पाहून परत द्यावी.