दगडावर बाळाचं नाव

कॉप, जिथं असाल तिथं,

कोचांग बेटापाशी फ्रेंचांशी झालेल्या लढाईत बुडालेल्या खलाशांचा स्तंभ आपल्या देवळापाशी उभा राहिलाय. नावं लिहून घेणाऱ्या कारकुनानं विचारलं होतं, "बाई, पूर्ण नाव?" मला वाटलं, कडेवरच्या बाळाचं विचारतोय. सांगितलं. तेच मेलेल्यांत कोरलं! तुम्हाला सगळं गाव कॉप, म्हणजे बेडूकच म्हणतं. खरं नाव कुणाला ठाऊक, चूक कळणार कुणाला?

शेजारच्या मालीमावशी हसत म्हणाल्या, "अगं, यमाला पत्ताच दिलास की!" पण बाळ परवापासून तापानं फणफणलंय.

बाळाचं नाव खोडायचं तर त्या जागी तुमचं द्यावं लागतं. तुमचं प्रेत मिळालं नाही, दगडावर नावही नव्हतं, म्हणून मी अजून रात्री दाराला कडी लावत नव्हते.

आज तुमचं नाव सांगून आले. रागावू नका. बाळ तरी राहू दे.

तुमचीच,
चमोय