डार्क चॉकलेटला माझा तांत्रिक आक्षेप

९ एप्रिल, बुधवार. देवपूर, धुळे.
आजपासून रोजनिशी. निवृत्त शाखा अभियंत्याच्या कामाची नोंद राहिली पाहिजे, मग ती कोणी वाचो न वाचो. न वाचलेलीच बरी.

विषय असा. तीस तारखेला आखाजी. आपल्याकडे आखाजीला लग्न झालेली लेक माहेरी येते, झोका घेते, आमरस-मांडे खाते. आमच्या सपनाची ही पहिली आखाजी. डिसेंबरात तिने जळगावला कोर्ट मॅरेज केलं. त्या दिवशी माझी कंबर दुखत होती म्हणून मी गेलो नाही. तेव्हापासून ती आलेली नाही. परवा तिने प्रमिलाला फोनवर सांगितलं, आलो तर दोघं येऊ, आणि प्रशीलला पप्पांनी स्वतः फोन करून बोलवायचं.

प्रशील म्हणजे जावई. घरच्या स्वयंपाकघरात डार्क चॉकलेटचे पदार्थ करून विकतो. मूस, टार्ट, आणखी काय काय. माझा आक्षेप फक्त या धंद्याला आहे. तो बौद्ध आणि आपण पाटील, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मी लोकांनी न विचारताच सांगतो. गैरसमज नको.

प्रमिला म्हणाली, नाशिकला तीन वर्षं शिकून आलाय तो. मी म्हणालो, वितळवायचं आणि थंड करायचं, यात शिकायचं काय? मी आखाजीच्या आत करून दाखवतो. ती म्हणाली, दाखवाच. जमलं तर मी फोनचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर निमूट फोन लावायचा.

मान्य केलं. परीक्षक शेजारचे पितांबर आबा. त्यांनी दुसरी वाटी मागितली तर काम पास.

मी धरणं बांधलीत. (एक पाझर तलाव. पण तत्त्व तेच.)

११ एप्रिल, शुक्रवार.
साहित्य आणलं. दुकानदाराने विचारलं, कंपाउंड देऊ का साधं डार्क? कंपाउंड हा शब्द भारदस्त वाटला. तेच घेतलं.

चॉकलेट वितळवायला लोक गॅस जाळतात. धुळ्यात बाहेर त्रेचाळीस अंश तापमान असताना! ताट गच्चीवर ठेवलं. सौर ऊर्जा. खर्च शून्य. खाली येऊन जरा आडवा झालो.

सायंकाळी पाहणी. चॉकलेट वितळलं होतं, म्हणजे सिद्धान्त बरोबर. त्यावर मुंग्या होत्या. शेजारी प्रमिलाच्या कुरडया वाळत होत्या, मुंग्या त्यांच्यावरही गेल्या. प्रमिला म्हणाली, माझ्या कुरडयांना तरी सोडायचं होतं. मी म्हणालो, मोठ्या प्रकल्पात थोडं क्षेत्र बाधित होतंच.

पुनर्वसनाबद्दल ती जे बोलली ते लिहीत नाही.

१४ एप्रिल, सोमवार.
जयंती. सकाळीच मिरवणुकीचा आवाज. नोकरीत असताना ऑफिसातल्या प्रतिमेला दरवर्षी हार मी घालायचो. फोटोत कायम पहिल्या रांगेत. भाषणही करायचो, एकदा तर शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं केलेल्या माणसाबद्दल कोणी मनात शंका आणू शकतं का?

हे प्रमिलाला बोलून दाखवलं. ती म्हणाली, नाहीच आणत. मग करा की फोन.

बायकांना मुद्द्यावर राहता येत नाही.

मग तिने जीवराम काढला. जीवराम म्हणजे माझा पुतण्या, रावेरला केळीचे वेफर्स करतो. त्याचं लग्न मीच जमवलं आणि मुलीकडच्यांना सांगितलं, मुलगा उद्योजक आहे. प्रमिला म्हणाली, तो तळतो तर उद्योजक, आणि हा वितळवतो तर? मी म्हणालो, तेल आणि चॉकलेट यांत फरक आहे. तिने विचारलं, कोणता? मी म्हणालो, तांत्रिक आहे, तुला कळणार नाही.

आज काम बंद ठेवलं. सार्वजनिक सुट्टी.

१६ एप्रिल, बुधवार.
गॅसवर वितळवलं. पातेल्यात पाणी, त्यावर वाटी, वाटीत चॉकलेट. व्हिडिओतल्या बाईने पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका असं तीनदा सांगितलं. बाई घाबरट.

वाफ शिरली असावी, कारण माल एकदम घट्ट झाला, दाणेदार. आता माल घट्ट झाला की त्यात पाणी मारायचं, हे गवंड्याच्या पोरालाही माहीत असतं. मी मारलं. आणखी घट्ट. आणखी मारलं. उलथणं उभं राहिलं.

तरी थाळीत ओतून थापीने समतल केलं. पृष्ठभागावर बारीक भेगा. भेगांवर उपाय क्युअरिंग. पाणी शिंपडून वर ओलं गोणपाट टाकलं. उद्या बघू. आयुष्यभर ज्या पद्धतीने काम केलं ती चॉकलेटला लागू होत नाही असं म्हणणं म्हणजे शास्त्राचा अपमान.

१७ एप्रिल, गुरुवार.
गोणपाट निघत नाही.

१९ एप्रिल, शनिवार.
मागच्या अपयशाची चौकशी पूर्ण. दोष साहित्याचा. कंपाउंडमध्ये खरं कोको बटर नसतंच, असं कळलं. अभियंता निर्दोष.

आज खरं डार्क चॉकलेट आणलं. मूसला फेटलेलं क्रीम लागतं. प्रमिलाने विचारलं, कशाने फेटणार? मी ड्रिल मशीन काढलं आणि त्याच्या तोंडात ताकाची रवी बसवली. असं डोकं चालवायला अनुभव लागतो. नाशिकला हे शिकवत नाहीत.

क्रीम वर आलं. छान वर आलं. व्हिडिओत इथे थांबा असं होतं, पण यंत्र चालू असताना थांबणं मला पटत नाही. थोड्याच वेळात क्रीमचं लोणी झालं. बाकीचं क्रीम भिंतीवर, कॅलेंडरवर आणि माझ्या चष्म्यावर.

प्रमिलाने लोणी कढवून तूप केलं. म्हणाली, रवीने रवीचं काम केलं. तूप उत्तम झालं. त्याचं श्रेय कोणी दिलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार.
पहिली अधिकृत चाचणी. क्रीमऐवजी साय वापरली. पितांबर आबांना बोलावलं. आबा मूळचे शिंदखेडा तालुक्यातले, बोलणं अजून गावचंच. वाटी हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला, मग विचारलं, हाई काय शे, भाऊ? मी म्हणालो, डार्क चॉकलेट मूस. त्यांनी चमचा तोंडात घातला. मग म्हणाले, बठ्ठं कडू शे. यामा गूय टाक थोडा.

मी समजावलं की यात गूळ घालत नाहीत, हे कडूच असतं, मोठ्या शहरांत लोक कडूपणासाठी पैसे देतात. आबा म्हणाले, आमले घरमा फुकट भेटस.

दुसरी वाटी मागितली नाही. पहिलीत प्रमिलाकडून शेव मागून घेतली आणि तशीच संपवली.

जाताना दारात उभे राहून लेकींचा विषय काढला. म्हणाले, मनी पोर काल उनी. तुनी येस का नही आखाजीले?

म्हणालो, बघू. काम चालू आहे.

प्रमिला आत भांडी घासत होती. गरज नसताना जोरात.

२४ एप्रिल, गुरुवार.
काम बंद. कारणं: १) उष्णता. २) दुपारी वीज गेली. ३) घरातलं वातावरण.

आबांच्या अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला. त्यांच्या लेकी, नाती दिवसभर गाणी म्हणतात. फार आवाज. मी खिडकी लावून घेतली. प्रमिलाने उघडली. मी लावली. तिने उघडली.

आमच्या पोर्चच्या स्लॅबला मी बांधतानाच दोन कड्या टाकून घेतल्या होत्या, झोक्यासाठी. सपना तेव्हा पहिलीत होती. कड्यांना गंज चढलाय. तेल दिलं. देखभाल म्हणून. दुसरं काही नाही.

२६ एप्रिल, शनिवार.
दिवस कमी उरले. अशा वेळी खात्यात बाहेरून तज्ज्ञ सल्लागार नेमायची पद्धत आहे. प्रमिला बाजारात गेल्यावर प्रशीलला फोन लावला.

हा करारातला फोन नव्हे. करारातला फोन आमंत्रणाचा. हा तांत्रिक.

त्याने उचलल्याबरोबर विचारलं, सर, तब्येत बरी ना? घरी सगळं ठीक? मी म्हणालो, ठीक. माझ्या एका मित्राला मूसबद्दल विचारायचंय. तो म्हणाला, विचारा ना. मी सगळे टप्पे सांगितले. पाणी मारलं इथपर्यंत त्याने हं हं केलं. गोणपाटाशी आल्यावर म्हणाला, मित्र सिव्हिलचे का? मी म्हणालो, असेल.

हसला नाही. हे नोंदवून ठेवतो. नीट समजावून सांगितलं. चॉकलेट कोमट होऊ द्यायचं, गरम असताना क्रीममध्ये घालायचं नाही. भांडं आणि फेटणी आधी फ्रीजरमध्ये. आपल्याकडच्या उन्हात क्रीम टिकत नाही, म्हणून पहाटे करायचं आणि अर्धवट फेटूनच थांबायचं. थांबणं महत्त्वाचं, असं दोनदा म्हणाला. तो स्वतः रोज पहाटेच उठतो म्हणे. पहिल्या वर्षी त्याच्याही पुष्कळ मालाचं लोणी झालं होतं.

शेवटी विचारलं, अजून काही, सर?

मी म्हणालो, नाही, एवढंच.

तो लगेच फोन ठेवेना. पुन्हा म्हणाला, काही असेल तर सांगा, सर.

मी म्हणालो, नाही नाही, आणि फोन ठेवला. ग्राहकाशी बोलायची पद्धत चांगली आहे मुलाची.

२८ एप्रिल, सोमवार. पहाट.
केलं. थांबलो.

त्याच दिवशी, दुपारी.
जमलं! चमचा घातला की हलकं, आणि उलटा केला तरी पडत नाही. रंग असा की काळ्या मातीवर पाणी फिरल्यासारखा. आबांना बोलावलं. त्यांनी खाल्लं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, कडू शे, भाऊ. पण आखो एक आन.

दुसरी वाटी! नियमाप्रमाणे काम पास. मी जिंकलो. फोन करायची गरज नाही.

प्रमिलानेही चाखलं. म्हणाली, चांगलं झालंय. मग म्हणाली, प्रशीलने सांगितलं तसंच केलंत ना?

सपनाने तिला कळवलं होतं. तांत्रिक चर्चा गोपनीय राहत नाहीत, हा या देशाचा जुना रोग आहे.

मी स्पष्ट केलं की सल्ला कोणाचाही असो, अंमलबजावणी माझी. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, शिकून घेतलंत म्हणजे विद्या आहे हे मान्य. मग धंद्याला नावं ठेवायला जागा राहिली नाही. आता सांगा, आणखी काय आक्षेप आहे?

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

ती म्हणाली, एवढा वेळ त्याच्याशी बोललात. पोरगं फोन धरून वाट बघत होतं. "ये" म्हणायला काय झालं होतं?

यावर माझ्याकडे उत्तर होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

२९ एप्रिल, मंगळवार.
प्रमिला जळगावला गेली.

म्हणाली, लेकीला माहेरी येता येत नसेल तर माहेराने जावं. पीठ, पुरण आणि मांडे भाजायचं खापर सोबत घेतलं. मी म्हणालो, मातीचं भांडं एसटीत फुटेल, जरा विचार कर. ती म्हणाली, मांडीवर धरीन. स्टँडवर सोडायला गेलो. तिने खापर खरंच मांडीवर धरलं, तान्हं मूल धरावं तसं. कंडक्टरने विचारलं, अक्का, काय आहे हे? ती म्हणाली, आखाजी.

बस सुटताना मला म्हणाली, चला ना. मी म्हणालो, घराला कोणीतरी हवं. मूस फ्रिजमध्ये आहे.

करार मीच जिंकलेला असताना ही अशी का वागते, कळत नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.
पूर्वजांची घागर मीच भरली. नैवेद्याला मूस ठेवावा का, असा विचार आला. ठेवला नाही. आमच्या पूर्वजांना कडू चालणार नाही.

दुपारी आबा स्वतः आमरस घेऊन आले. आबा विचारत होते, भाऊ, एकलाच का? मी म्हणालो, प्रमिला लेकीकडे गेली, बायकांचा सण आहे. त्यांनी वाटी ठेवली आणि गेले. आबा सहसा बसल्याशिवाय जात नाहीत.

फ्रिज उघडला. मूसच्या वाट्या रांगेत. एक खाल्ली. उत्कृष्ट. दुसरी खाल्ली. दुसरी कोणी मागायची, हा प्रश्न नियमात धरला नव्हता.

पाच वाजता प्रशीलला फोन. तांत्रिकच. मूस किती टिकतो, एवढंच विचारायचं होतं. मागे भांड्यांचा आवाज, त्याची आई मंदाबाई कोणाला तरी वाढत होती. प्रमिला मोठ्याने हसत होती. सपना ओरडत होती, आई, आता बस, एवढा मोठा मांडा कोण खाणार. तो म्हणाला, फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा, सर. त्याहून जास्त नको. चव जाते.

मी म्हणालो, बरं.

तो म्हणाला, सर, तुम्ही या ना इकडे. सहाची बस मिळेल. आम्ही थांबतो जेवायला.

एका दमात म्हणाला. तीन वाक्यं. कसली तयारी नाही, कसला विचार नाही. ही पिढी असे मोठे निर्णय फार घाईने घेते.

मी म्हणालो, बघतो.

सहाची गेली असेल आता. हरकत नाही, उद्याही असते. दोन दिवस टिकतं म्हणाला.