पाण्यावरची काठी

प्रिय बयो,

पत्र बघून तू आधी दचकशील. फोन हाताशी असताना अप्पांनी पानंच्या पानं का लिहावीत, असं वाटेल. तब्येत ठणठणीत आहे. तुझ्या आईचीही, आणि तिच्या जिभेचीही. फोनवर तू "हं, पुढे?" म्हणतेस आणि मला पुढचं सुचेनासं होतं, म्हणून कागद घेतला.

आधी इकडच्या पाखरांचं सांगतो. लग्नानंतर तू तुझे फिंच घेऊन जायला निघालीस, तेव्हा मी म्हणालो होतो की राहू देत इथेच, प्रवासात दगावतील. तुला तेव्हाही ते खरं वाटलं नव्हतं. पाखरं इथे असली की त्यांच्या निमित्ताने तू महिन्या दोन महिन्यांनी येशील, एवढाच माझा डाव. म्हणून मागे जाळी लावून खोलीएवढा पिंजरा उभारला. बसायच्या काठ्या अर्थातच आपल्या कारखान्यातल्या. एका जुन्या लेथवर फावड्यांचे दांडे काढत ज्याने आयुष्य उभं केलं, तो काय दुसऱ्याच्या काठ्या लावणार? चौदा काठ्या, सगळ्या एकाच जाडीच्या, पॉलिश असं की माशी घसरावी, आणि शिडीसारख्या एकावर एक. तुझी आई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "हे पाखरांसाठी केलंय की गिऱ्हाइकाला दाखवायला?" मी म्हटलं, तुला कामातलं काय कळतंय. ती म्हणाली, "मला नाही कळत, पण बसायचं त्यांना आहे, तुम्हाला नाही."

माझे कान तुला माहीत आहेत. कुठल्या लेथचं बेअरिंग जातंय ते मला फाटकातूनच कळतं. काठीवर उतरणाऱ्या फिंचचा आवाज दोन बारीक ठोक्यांचा असतो. पावडर फासल्यासारख्या त्या करड्या मादीचा एके दिवशी एकच ठोका ऐकू आला. पकडून पाहिलं तर तळव्याला फोड. जाडी एकच, गुळगुळीतपणा एकच, त्यामुळे पायाच्या त्याच जागेवर दिवसभर भार. शिवाय सगळ्यांत वरची काठी एकच, ती लाल चोचीच्या दांडगट नराने बळकावलेली. बाकीचे खाली मान घालून. वर्षभरात अंडं म्हणून एक नाही. तू फोनवर विचारायचीस आणि मी म्हणायचो, मजेत आहेत.

मग तुझ्या सासऱ्यांनी नवी चार पाखरं आणून तुझ्यासाठी पिंजरा केला. आयुष्यभर कपडे शिवलेला माणूस, अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तरी केला. तू सांगत होतीस आणि मी तुझ्या आवाजामागचं ऐकत होतो. खेळण्यातल्या पिपाण्या वाजाव्यात तसे चार पक्षी बोलत होते. महिन्याभराने त्यांच्या मागे पिल्लांची किरकिर आली. आणि त्याच फोनवर दोन वर्षं "काका" असलेले मास्तर "बाबा" झाले. "बाबा म्हणतात दुपारी त्यांच्याजवळ जायचं नाही," असं तू सहज म्हणालीस आणि मग हसलीस. ते हसू मी ओळखतो, बयो. लहानपणी कारखान्यात लाकडाच्या भुशात पाय बुडवून बसायचीस तेव्हाचं ते. मी समजत होतो ते माझ्याकडेच ठेवलेलं आहे. फोन ठेवला तर तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जळल्याचा वास येतोय, आणि मी तर अजून गॅसही पेटवला नाही."

तुला माहीत नाही, पण मागच्या महिन्यात मी तुमच्या घरी येऊन गेलो. लाकडाच्या वखारीत काम होतं, असं मास्तरांना सांगितलं. तू ऑफिसात असशील अशी वेळ बघूनच आलो होतो. खिशात मोजायची टेप होती. मास्तरांनी काहीही विचारलं नाही. एखाद्याला नवीन शिवलेला कोट दाखवावा तसा पिंजरा दाखवला. बागेत छाटलेल्या फांद्या, सालीसकट. बोटाएवढ्या जाड, पेन्सिलीएवढ्या, काही काडीसारख्या पातळ. एकही सरळ नाही. काही दोन्ही टोकांना घट्ट, काही एकाच टोकाला बांधलेल्या, पक्षी बसला की झुलणाऱ्या. मधली जागा उडायला अगदी मोकळी. सगळं बांधलेलं मेण लावलेल्या शिवणदोऱ्याने, बटण लावावं तसं. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून प्रत्येक फांदी बोटांनी चाचपून लावलेली. "पाय शिणू नयेत म्हणून जाडी बदलती ठेवली," ते म्हणाले. "आपणही एकाच मापाचे बूट जन्मभर घालत नाही."

मी विचारलं, वर दोन्ही टोकांना दोन काठ्या अगदी सारख्या उंचीला कशाला? तर म्हणाले, "व्याहीबुवा, वर एकच जागा ठेवली की मारामारी. प्रत्येकाला सगळ्यांत वर बसायचं असतं. दोन ठेवल्या की गप बसतात." त्यांनी हे सरळ मनाने सांगितलं की मला उद्देशून, ते आजही सांगता येत नाही. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. मग ते चहा ठेवायला आत गेले, आणि मी पिंजऱ्यापाशी एकटाच राहिलो. निघताना त्यांना म्हटलं, मी येऊन गेलो ते पोरीला सांगू नका, न भेटता गेलो म्हणून रुसेल. त्यांनी मान हलवली. माणूस शब्दाला पक्का निघाला.

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. पिल्लांची आई गेली, असं म्हणालीस. पाण्याच्या भांड्यावरच एक फांदी आली होती, वर बसलेल्यांची घाण दिवसभर पाण्यात पडत होती, सकाळी बदललेलं पाणी दुपारपर्यंत विष होत होतं. मास्तर म्हणाले, "माझीच चूक, डोळ्यांना दिसलं नाही." तू त्यांना तोडून बोललीस, आणि तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीयेस. आणि मग मला म्हणालीस, "अप्पा, तुम्ही लावल्या असत्या काठ्या तर असं झालं नसतं." बयो, हे वाक्य ऐकायला मी दोन वर्षं कान लावून बसलो होतो. ऐकलं आणि जेवण गेलं नाही. तुझ्या आईने ताट उचललं आणि झाकून ठेवलं.

परवा मास्तरांकडून पार्सल आलं. फांद्यांची मोळी, धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या, जाडीप्रमाणे लावलेल्या. सोबत मोठ्या वाकड्या अक्षरांत चिठ्ठी: "पातळ वर, जाड खाली. पाण्यावर एकही नको. तुमच्या पाखरांचे पाय बरे होतील." पायाचं मी त्यांना बोललोही नव्हतो, फांद्यांना टेप लावून बघणाऱ्या माणसाचं काय दुखतंय ते शिंप्याला कळलं असावं. मोळी मेणाच्या दोऱ्याने बांधली होती. फक्त एका फांदीच्या टोकाला सुतळीचा वेढा होता, गाठ न सोडता तसाच ठेवलेला. दांड्यांचे गठ्ठे बांधतो ती आपली गाठ, जी मी तुला सातव्या वर्षी शिकवली आणि जी तुमच्या घरात तुझ्याशिवाय कोणाला येत नाही. ते चहा ठेवायला गेले तेव्हा मीच त्यांचा दोरा कापून ती फांदी पाण्यावर सरकवली आणि खिशातल्या सुतळीने बांधली. पाणी घाण होईल, तू एकदा नाक मुरडशील, "बाबां"चा एक गुण कमी होईल, एवढंच मनात होतं. पाखरू मरेल असं वाटलं नव्हतं. पण वाटायला हवं होतं, मूर्ख मी नाही. मास्तरांच्या बोटांना ती गाठ परकी लागलीच असणार. तरी त्यांनी चूक स्वतःवर घेतली, आणि पुरावा तुला न दाखवता मला पाठवला. फांदीचं तेवढं टोक कापून या पाकिटात घातलंय. गाठ बघ, ओळखशील. मग आजच त्यांच्याकडे जा, आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. रविवारी मी येतो आहे, तुझी पाखरं घेऊन. ती तुझीच होती. मला आत घ्यायचं की फाटकावरून परत पाठवायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवा. त्यांना बाबाच म्हणत जा. माझी जळजळ होईल, ती मी बघेन.

तुझाच, फाटकाशी उभा,
अप्पा