तळाला राहील ते दुकान

५ जानेवारी, सोमवार
आमचे मालक अण्णा सकाळी टेकडीवरून थेट ऑफिसात. बुटांना माती, डोक्यात कल्पना. टेकडीवर त्यांना कुणी मित्र भेटतो. त्याच्या कारखान्यात स्पर्धा लावल्यापासून माणसं म्हणे पळायला लागलीत. आता आपणही लावायची. चष्म्याची तीन दुकानं, तीन संघ: हडपसर, बिबवेवाडी, येरवडा. फेब्रुवारीअखेरपर्यंत. चष्मे कोण जास्त विकतं, सांगितलेल्या दिवशी कोण देतं, कुणाची गिऱ्हाइकं कुरकुर न करता जातात, सगळ्याला गुण. चालवायची कोणी? मी. ऑफिसात दुसरं आहेच कोण.

जाता जाता दारात वळले. "आणि तळाला राहील त्या दुकानाचा करार यंदा करायचा नाही."

अण्णांचे सगळे भाडेकरार पाडव्याला संपतात, कारण सगळे पाडव्याच्या मुहूर्तावरच केलेले. म्हणजे पाडव्याला एक दुकान जाणार. कोणतं, ते सांगायला ज्योतिषी नको. येरवडा. म्हणजे ते चालवणाऱ्या आमच्या शोभाताई.

दिवसभर कामात लक्ष नाही.

६ जाने.
विवेकला सांगितलं. बिबवेवाडीचं दुकान माझा नवराच चालवतो. पंच म्हणून माझी निवड अण्णांनी काय विचार करून केली ते तेच जाणोत. विवेकनं पहिलं विचारलं, शोभाताईंचं काय?

दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलो. मी बिलं करायचे, हा नवखा, नजर तपासायला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तो पोरगा तपासताना तुझ्याकडे बघतो, एखाद्याचा नंबर चुकवेल, काय ते लवकर ठरवा. ठरवलं.

आता रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलीत त्यांची. हडपसरला बदली केली तर येणार नाहीत. घरी बसतील. घरी बसलेल्या शोभाताई मला डोळ्यापुढे आणता येत नाहीत.

८ जाने.
नियम लिहून काढले. एक स्वतःच्या मनानं घातला: दुरुस्तीलाही गुण. स्क्रू बसवणं, नाकावरचे पॅड बदलणं, वाकडी काडी सरळ करणं. येरवड्यात दिवसभर तेच चालतं. समोरच्या वस्तीतली माणसं "जयभीम ताई" म्हणत आत येतात, मोडका चष्मा काउंटरवर ठेवतात.

विवेकनं नियम वाचले. "दुरुस्तीला गुण? सरळ 'शोभाताईंना गुण' असंच लिहायचं होतंस."
म्हटलं, चहा गार होतोय.

अण्णांना संघांना नावं हवी होती, गडांची वगैरे. शोभाताई फोनवर म्हणाल्या, "दुकानाला नाव आहे की." विषय संपला.

१४ जाने., संक्रांत
हडपसरला सगळ्यांना बोलावलं, तिळगूळ वाटला, पहिला निकाल सांगितला. हडपसर वर, बिबवेवाडी मध्ये, येरवडा तळाला. फार तळाला. हडपसर सांभाळणारी ऋचा, अण्णांची नात, टाळ्या वाजवायला हात वर केले होते तिनं, ते तसेच खाली घेतले.

शोभाताईंनी मला डबा दिला, लसणाची चटणी. "रिकामा परत पाठवू नकोस." हे दर वेळी सांगतात. आमचा हा डबा किती वर्षं फिरतोय देव जाणे. एका बाजूनं चटणी, दुसऱ्या बाजूनं माझं जे काही जमेल ते. झाकण आता नीट बसतही नाही.

निघताना एका गिऱ्हाइकाला ओरडल्या. दुसऱ्याच्या दुकानातल्या. तो शर्टाच्या टोकाला काच पुसत होता बिचारा. "चष्मा आहे तो, वांगं नाही पुसायला." त्यानं शर्ट सोडला आणि मुकाट्यानं मऊ फडकं विकत घेतलं. गुण हडपसरला.

२३ जाने.
वर्कशॉपमध्ये गेले होते. तिन्ही दुकानांच्या काचा इथंच घासतात, फ्रेममध्ये बसवतात. ट्रेवर चिठ्ठी: हडपसर पिवळी, बिबवेवाडी लाल, येरवडा निळी. थप्पीत वर सगळे निळे. परवाही असेच होते.

दत्तूभाऊंना विचारलं, हे निळे आधी कसे? दत्तूभाऊ फुरसुंगीचे, वर्कशॉप त्यांचंच म्हणायचं. मान वर न करता म्हणाले, "वरचं वर हाय, म्हणून आधी."
वर कोण ठेवतं?
"कुणी ठेवत न्हाई. येत्यातच वर."

ट्रे होते तसेच राहू दिले. यांच्या मुलीला शाळेत फळा दिसत नव्हता, ते शोभाताईंनी ओळखलं होतं; मुलगी नुसती डबा द्यायला आली होती. आता ती मुलगी नर्सिंगला आहे. मी पंच आहे, पण आंधळी व्हायला कुणाची ना नसावी. आणि चष्म्याच्या धंद्यात!

१ फेब्रुवारी, रवि.
खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू जिन्यात भेटल्या. नवी फ्रेम. छान दिसतेय म्हटलं. तर म्हणतात, तुमच्या ह्यांनीच येरवड्याला पाठवलं हो, तिथं चांगल्या मिळतात म्हणाले. रिक्षानं गेले. त्या बाईंनी तासभर बसवून घेतलं, पण चष्मा काय बसलाय बघा.

घरात आले. विवेक भाजी निवडत होता, फार मन लावून. मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. मेथी मात्र इतकी स्वच्छ कधी निवडली गेली नव्हती.

मनात आलं, एखाद-दुसरं गिऱ्हाईक. काय फरक पडतो.

१२ फेब्रु.
ऋचा ऑफिसात आली, दार लावून घेतलं. आयटी पार्कमधल्या एका कंपनीत डोळे तपासायचा कॅम्प मिळालाय. सगळं तिनं जमवलेलं. "मॅम, हा कॅम्प मी शोभाताईंच्या नावावर टाकते. आय मीन, त्या करतील ना, एकदम बेस्ट करतील. आजोबांना नका सांगू प्लीज. आम्ही तसेही वर आहोत."

हिच्या मनात इतकं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिला आजवर नुसती मोबाइलवाली समजत होते. नियमांत बसत नाही म्हणाले. तिचा चेहरा पडला. मग म्हणाले, नियम मीच केलेत. बसवते.

२० फेब्रु.
येरवडा दुसरं! संध्याकाळी फोन केला तेव्हा शोभाताईंचा आवाजच वेगळा. कॅम्पहून आल्या होत्या, घसा बसलेला. म्हणाल्या, इतकी तरणी पोरं आणि सगळ्यांचे डोळे कोरडे, कुणी पापणीच हलवत नाही. मग हळूच, "मला वाटलं होतं आपलं काही आता होत नाही. होतंय गं अजून."

फोन ठेवून थोडी रडले. आनंदानंच. तिसरं कोण आहे ते वाचलं, पण न वाचल्यासारखं केलं.

२८ फेब्रु., शनि.
अखेरची बेरीज. पुन्हा केली. परत केली.
येरवडा पहिलं. हडपसर दुसरं. बिबवेवाडी तळाला.

विवेकचं दुकान. जिथलं कपाटसुद्धा त्यानं स्वतः ठोकलंय.

१ मार्च, रवि.
सकाळी विवेकला सांगितलं. हातातला कप तसाच. "मी थोडेच पाठवले होते गं."
मग मीही बोलले. दुरुस्तीचे गुण, निळे ट्रे, ऋचाचा कॅम्प. निळे वर म्हणजे लाल खाली, त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं वेळेवर चष्मा मिळाला नाही म्हणून कुरकुरत होती, हेही आज डोक्यात आलं. प्रत्येकाला वाटत होतं, शोभाताईंसाठी आपण एकटेच गुपचूप काहीतरी करतोय. एकमेकांना विचारलं असतं तर एवढं ओझं एका बाजूला पडलं नसतं. पण विचारणार कसं? गुपचूप होतं ना.

विवेक हसायला लागला. मग थांबला. आता ऋचाच्या हाताखाली जाईन म्हणाला, मोबाइल शिकवेल ती मला. गंमत करत होता. डोळे करत नव्हते.

दत्तूभाऊंना फोन केला. म्हणाले, "ताई, लाल आमच्या ध्यानातच न्हाई आलं."

२ मार्च
अण्णांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. चष्मा काढून बसले.
"म्हणजे स्पर्धा झालीच नाही."
"झाली अण्णा. सगळे एकाच बाजूनं खेळले, एवढंच."

तिन्ही दुकानांची एकत्र विक्री दाखवली. गेल्या वर्षीपेक्षा बरीच चांगली. त्यांनी कागद पाहिला, पालथा घातला. म्हणाले, तुझा नवरा आहे म्हणून सोडता येत नाही आणि म्हणून धरूनही ठेवता येत नाही, मला कोणत्या पेचात टाकलंस. मग फर्मान: स्पर्धा पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत वाढव. जुने गुण राहतील, पण दुरुस्तीचे काढ, आणि ज्याचं गिऱ्हाईक त्याच्याच नावावर. तळाला राहील ते दुकान बंद, हे कायम.

म्हणजे पुन्हा येरवडा की बिबवेवाडी. मधे फारसं अंतर उरलेलं नाही.

३ मार्च
शोभाताईंना कळलं. कुणाकडून, विचारलं नाही. फोन त्यांचाच.

"मी कुणाला फुकट चष्मा दिला का कधी? स्वस्त दिला, हप्त्यानं दिला. फुकट दिलेलं माणूस जपत नाही म्हणून दिला नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फुकट जिंकवलंत."

ताई, आमच्या मनात तसं नव्हतं, म्हणाले.
"मला माहितीये काय होतं मनात. म्हणून तर जास्त लागतंय."

फोन ठेवला त्यांनी. दिवसभर कानात तेच.

९ मार्च
डब्यात बेसनाचे लाडू भरून गेल्या आठवड्यात ट्रेच्या गाडीबरोबर येरवड्याला पाठवले होते. आज डबा आला. घासूनपुसून, लखलखीत. रिकामा.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऑफिसात झाकण उघडं धरून बसले होते, ऋचानं विचारलं काय झालं. तिला कसं सांगायचं. काही नाही म्हटलं.

विवेकनं डबा पाहिला, ओट्यावर ठेवला. "लाडू ठेवून घेतले ना? मग अगदीच तुटलं नाहीये." त्याला बोलायला काय जातं. पण जरा बरं वाटलं.

१३ मार्च
सगळे आपापलं खेळतायत. वर्कशॉपात निळा, लाल, पिवळा, आले त्या क्रमानं. दत्तूभाऊंना ते फार जड जातंय, दर थोड्या वेळानं थप्पीकडे बघतात. विवेक सकाळी लवकर दुकान उघडतो. सोसायट्यांतून फिरून आला, आजी-आजोबांचे चष्मे घरपोच देतोय. तिकडे शोभाताईही तेच करत असणार. ह्यानं ते त्यांच्याकडूनच उचललंय.

दोघांपैकी कुणीतरी हरणार आणि गुण मी लिहिणार. टेकडीवरच्या त्या मित्राचा पत्ता मिळाला तर जाऊन चार शब्द ऐकवायचे आहेत.

१८ मार्च
उद्या पाडवा. आज शेवटचा दिवस. दुपारी बिबवेवाडीला गेले, हिशोब तिथंच बसून करायचा होता.

एक आजोबा आले. घामाघूम, हातात पिशवी. येरवड्याहून बस बदलत आलेत म्हणाले. मी आणि विवेक एकमेकांकडे पाहिलं. येरवड्याहून? तिथं आमचं दुकान आहे की आजोबा, बंद होतं का?

"बंद कशाला. त्या बाईंनीच धाडलं. म्हणाल्या, तुमचा नंबर अवघड आहे, बिबवेवाडीला विवेक आहे, तो नीट बघेल. माझ्या हाताखालचा आहे."

अवघड कसला. साधा वाचायचा नंबर. विवेकनं तपासला, पुन्हा तपासला, खूप वेळ लावला. मान खालीच.

मग आजोबांनी पिशवीतून एक डबा काढला. आमचा नेहमीचा नव्हे, तो तर घरी ओट्यावर. हा नवा, झाकण घट्ट. आत लसणाची चटणी. "विवेकच्या बायकोला द्या म्हणाल्या. आणि सांगा म्हणाल्या, मला हा रिकामा नकोय परत."

आजोबांनी चष्मा काढला आणि शर्टाचं टोक धरलं. आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

आता हे गिऱ्हाईक कुणाचं? "ज्याचं गिऱ्हाईक त्याच्याच नावावर" हा अण्णांचा नियम. शोभाताईंनी धाडलं, विवेकनं तपासलं. इकडे लिहिलं तर येरवडा तळाला, तिकडे लिहिलं तर बिबवेवाडी. इतकं जवळ येऊन ठेपलंय. ती जागा कोरी ठेवलीये. विवेक म्हणाला त्यांच्या नावावर लिही. शोभाताईंना फोन केला तर म्हणाल्या त्याच्या नावावर, आणि पहिल्यासारख्या रागावल्या, म्हणजे सगळं ठीक आहे.

संध्याकाळी अण्णांचा फोन. उद्या सकाळी करार घेऊन घरी ये, गुढीच्या आधी सह्या करू. किती करार आणू, विचारलं. मागून ऋचाचा आवाज येत होता, काहीतरी हट्टानं सांगत होती. मग म्हणाले, "सगळे आण. बघू."

तिन्ही करार पिशवीत घातलेत. दोन्ही डबे धुऊन ठेवलेत. विवेक ओट्यापाशी उभा आहे, डब्यांत पुरणपोळी घालायची की बेसनाचे लाडू, विचारतोय. म्हटलं, दोन्ही घाल.