पूजेत मांडलेलं फ्रेंच पुस्तक

२४ सप्टेंबर २०२५

आज परत तेच! यज्ञेश्वरकाकांची पेज ठेवायला पुस्तक बाजूला करत होते, तर ओरडले — आधी हात धू! माझे हात घाण? यांच्या चादरी कोण धुतं?

पुस्तक म्हणजे ते लाल चामड्याचं. पानांच्या कडा सोनेरी. जहाजावर नोकरीला होते तेव्हा फ्रान्सात घेतलेलं. जुन्या काळच्या फ्रेंच कप्तानांनी लिहिलंय म्हणे — कुठं खडक, कुठं गाळ, कुठल्या डोंगराची खूण धरून गलबत आत घ्यायचं. जगाच्या वाटा वाचतात, आणि रोज संडासाची वाट मी दाखवायची!

२७ सप्टेंबर

काकांच्या मुलाचा, अजेयचा, पुण्याहून फोन. "रंगूताई, दसऱ्याला येतो, बाबांना घेऊन जातो. नक्की."

गणपतीतही नक्कीच होतं!

"आणि दमट हवेत ठेवू नका हं." मला वाटलं, बापाला म्हणतोय. पुस्तकाला!

माझ्या लेकीचे, क्रांतीचे, दिवस भरलेत. पहिलटकरीण, म्हसळ्यात जवळ कुणी नाही. आणि आई इथं दिवेआगरात परक्या म्हाताऱ्याला भरवतेय.

२९ सप्टेंबर

काकांची बॅग भरली. सारखे स्वेटर विचारतात. पुण्यात थंडी असते म्हणे. डोकं उठवलं नुसतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

वाडीतले कोयते, पहार, कुदळ घासून पाटावर मांडली. शेजारी काकांचं पुस्तकही मांडलं — त्यांचं हत्यार तेच ना! सगळ्यांना लावतात तसं ओलं हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

दुपारी अजेय आला आणि किंचाळलाच! "अहो, हे काय केलंत!" रुमालानं पुसायला गेला, कुंकू आणखी पसरलं. मग उचलायला लागला. मी आडवी गेले.

"पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं न्हाय."

"तुला अक्कल आहे का?"

परवा ताई होते, आज तू!

"तुमच्या बापाला दोन वर्षं सांभाळलं, तेवढी हाय."

काका खुर्चीतनं म्हणाले, "बरं केलंस गं रंगू. आजवर त्याला कुणी फूल वाहिलं नव्हतं."

अजेय पाटापाशी वाकून पुस्तकावरचा डागच बघत होता.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा उचलली. अजेयनं पुस्तक मऊ कापडात गुंडाळलं, तान्ह्या पोरासारखं. काकांची दाढी मी केली. रडवेल्या तोंडानं कापूस कानात घाल म्हणाले, प्रवासात वारा लागतो. घातला!

सकाळी निघायचंय त्यांना. क्रांतीला फोन केला — उद्या येते गं! सुटले बाई एकदाची.

३ ऑक्टोबर

अंगण झाडायला उठले तर गाडी नाही. आत पुस्तकही नाही.

काका बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन ओटीवर बसलेत. "अजेय पेट्रोल भरायला गेलाय का गं?"

"व्हय," म्हटलं. "चहा घ्या तवर."