नळी तुमच्याकडे, चाप आमच्याकडे

गिरीज, ता. ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय क्लेमेंटीनबाय यांस शर्लीचा जय ख्रिस्त.

काशीरामच्या रिक्षातून पाठवलेलं सगळं पोचलं. राजेळी केळ्यांची एक फणी, चादरीत गुंडाळलेली नळी, आणि नालासोपाऱ्यापासूनचं भाडं एकशे साठ रुपये, ते मीच दिलं. केळी गोड निघाली. चादर धुऊन ठेवली आहे. चिठ्ठी असेल म्हणून आधी झटकून बघितली. नव्हती.

काशीरामला वाटलं, पंपाचा पाइप आहे. म्हणाला, "मावशी, वाटेत चौकीसमोर चहा प्यायलो, पाइप सीटवरच होता." बाय, बंदुकीची नळी कोणी रिक्षातून धाडतं का हो?

आमचे हे, फेबियन, गेले, लायसन त्यांच्या नावाचं, म्हणून बंदूक जमा करा अशी पोलिसांची नोटीस आली. तेव्हा मी निरोप दिला होता, नळी घेऊन या. तुम्ही नुसती नळीच धाडलीत.

सासऱ्यांचा न्याय आठवतो ना? वाडीच्या बांधावरून दोघे भाऊ एकमेकांवर धावले, त्या संध्याकाळी त्यांनी बंदूक सुटी केली. नळी तुमच्या इनासदादांना, चाप आणि लाकडी दस्ता आम्हाला. "माकडं आली की एकमेकांना हाक मारा. बार काढायचा तर दोघांनी मिळून." माकडं केळी खाऊन गेली, हाक कोणी मारली नाही. पण निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला दोघांना ती जोडावीच लागायची. परत येताना बाजारात भजी खायचे. घरी कबूल करायचे नाहीत. मला शर्टाच्या वासावरून कळायचं. तुम्हालाही कळत असणार.

विहिरीवर तुम्ही म्हणायच्या, "खरी बंदूक आमच्या घरात, शर्लीकडे नुसतं सरपण." मी म्हणायची, "चाप नाही तर तुमची ती फुंकणी." एकदा त्यावर दोघीही हसलो होतो.

तर परवा मी हवालदारांनाच विचारलं, यातली बंदूक नेमकी कुठली. ते म्हणाले, "मावशी, बार काढायला दोन्ही लागतात, कायद्याला लागत नाहीत. सुटी नळीही हत्यार, सुटा चापही हत्यार. अर्धी आहे म्हणून सूट नाही." म्हणजे तुम्हीही हरलात आणि मीही. इतकी वर्षं दोन्ही घरांत बंदूकच होती.

नळी तुमच्याकडे कशी आली याचा जबाब द्यायला तुम्हाला ठाण्यात यावंच लागेल, असं लिहायला बसले होते. पण उपवासकाळ तोंडावर आला, खोटं कशाला? हवालदार म्हणाले, "तुमच्या एकटीच्या सहीने भागेल." मीच म्हटलं, माझी जाऊ येणार आहे, थोडे दिवस द्या.

लेक ॲनिशा कॅनडाहून रविवारी फोन करते, तेवढंच बोलणं. रोज संध्याकाळी रोझरीच्या जपाला बसते. पूर्वी "नमो मरिया" मी म्हणायची आणि उत्तराचं "पवित्र मरिया" हे म्हणायचे. आता दोन्ही मीच म्हणते. मध्ये थोडं थांबते, सवयीने.

इनासदादा पावसाळ्यात गेले, हे नाताळाच्या आधी. तुमच्या फ्लॅटमध्ये रोझरीला उत्तर कोण देतं, हे मी विचारत नाही.

नळी पलंगाखाली आहे. मला जोडता येत नाही. तुम्हाला दादांनी शिकवलं होतं. राखेच्या बुधवारी उपवास लागतो, त्याच्या आधी या, म्हणजे कोंबडी करता येईल. जेवून ठाण्यात जाऊ. येताना भजी खाऊ, बघू तरी त्यांत एवढं काय होतं. रिक्षाचं जाण्या-येण्याचं मी देईन.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्ता घातलेलं पोस्टकार्ड सोबत ठेवलं आहे. "येते" एवढंच लिहून उलट टपाली टाका. यायचं नसेल तर कार्ड वाया घालवू नका, जपून ठेवा. पुढे कधीतरी कामी येईल.

तुमची धाकटी जाऊ,
शर्ली